समुद्राचं दार

हा प्रवास खरं तर माझा नव्हता. इंग्लंडहून परत आल्यावर गावात ज्याने त्याने मला लंडनबद्दल विचारलं. विमानतळावरून मँचेस्टरच्या बसमध्ये बसेपर्यंत जेवढं दिसलं तेवढंच लंडन मी पाहिलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण २००६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत मी माझ्या घरमालकीणबाईंबरोबर, त्यांच्या एका फार जुन्या पूर्वज बाईचा माग काढत, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलपर्यंत गेले होते. ते मला सांगता येईल असं वाटतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी मराठीत फारसं लिहिलेलं नाही. म्हणून जमेल तसं, जसं घडलं त्याच क्रमाने लिहिते.

मँचेस्टरच्या विद्यापीठात मी सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकायला गेले होते. राहायला मार्गारेटबाईंच्या घराची वरची खोली होती. त्या सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या, एकट्याच राहणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘लव्ह’ अशी हाक मारली तेव्हा मी इतकी बावरले की दिलेला चहा बिनसाखरेचा तसाच पिऊन टाकला. पुढे कळलं की तिथे बसचा ड्रायव्हरसुद्धा तिकीट देताना तसंच म्हणतो.

एकदा संध्याकाळी मागचं दार लावताना त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, तेव्हा हसून म्हणाल्या की ही आजीची सवय अंगवळणी पडली आहे. त्यांच्या लहानपणी आजी रोज मुलांना अंथरुणात घातल्यावर जिन्याखालून विचारायची, “समुद्राचं दार लागलं का?” आणि मुलांनी वरून एका सुरात सांगायचं, “दार लागलं, आजी. गहू सुखात आहे.” मँचेस्टरच्या त्या गल्लीतून समुद्र दिसत नव्हता आणि गहू तर पावाच्या रूपातच भेटत होता. पण आजीला तिच्या आजीने असंच विचारलेलं, आणि तिला तिच्या. घरातली समजूत अशी, की हे सगळं मार्गरीत नावाच्या एका हद्दपार बाईपासून चालत आलेलं आहे.

ही मार्गरीत अकेडियाची. हे नाव मी तोवर ऐकलेलंही नव्हतं, म्हणून मार्गारेटबाईंनी मला सांगितलं तसं थोडक्यात सांगते. आज ज्याला कॅनडाचा पूर्व किनारा म्हणतात तिथे फ्रान्सहून गेलेले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. मग इंग्लंड आणि फ्रान्सचं वैर वाढलं, आणि इंग्रजांना या लोकांचा भरवसा वाटेना. १७५५ साली त्यांना घराबाहेर काढून जहाजांत भरलं, मागे घरं जाळली. काही जहाजं अमेरिकेतल्या एका वसाहतीने परत धाडली, ती शेवटी इंग्लंडला येऊन लागली. ब्रिस्टल, लिव्हरपूल, साउदॅम्प्टन आणि कॉर्नवॉलमधलं पेन्रिन, अशा बंदरांवर ही माणसं काही वर्षं अर्धवट कैदेत राहिली. लढाई संपल्यावर उरलेल्यांना फ्रान्सला पाठवलं. मार्गरीत मात्र पेन्रिनच्या बाजूला कुणा शेतकऱ्याशी लग्न करून मागेच राहिली, असं मार्गारेटबाईंच्या घरात सांगत आले. त्या घरात थोरल्या मुलीचं नाव मार्गारेट ठेवतात, ते तिच्यावरून.

अडचण होती ती त्यांच्या चुलतभावाची. हॅरॉल्ड हे निवृत्त गणित शिक्षक. ते मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीला, सगळं कुटुंब जमवणार होते आणि त्या दिवशी सगळ्यांना वाटायला वंशवृक्ष छापून घेणार होते. त्यात मार्गरीत नव्हती. पुरावा नाही, म्हणून नाही. मार्गारेटबाई त्याआधी दोनदा पेन्रिनला जाऊन हात हलवत परत आल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची खेप, असं त्यांनी हॅरॉल्डना कबूल केलं होतं. या वेळीही काही मिळालं नाही, तर वंशवृक्ष तसाच छापायला द्यायचा आणि आजीची ती गोष्ट पुन्हा काढायची नाही.

“गोष्ट खोटी निघाली तर मला वाईट वाटणार नाही,” त्या मला म्हणाल्या. “पण आजी आम्हाला रोज खोटंच विचारत होती, हे मला पटत नाही.”

कॉव्हेंट्री

गाडी माझ्या वर्गातल्या अनुजाची. तिचा जन्म कॉव्हेंट्रीतला, आईवडील मूळचे साताऱ्याचे. आमच्या या प्रवासाचा विषय निघाला तेव्हा ती लगेच म्हणाली, “मी येते. माझा गाडी छोटी आहे, पण तिघं बसतील.” तिच्या मराठीत गाडी कधी ‘माझा’ तर कधी ‘माझं’ असे, ‘माझी’ मात्र क्वचितच. पण ती न लाजता बोलायची. मी इंग्रजी बोलताना इतकी अडखळायचे की तिच्याकडे पाहून मला धीर यायचा.

पहिला मुक्काम तिच्या घरी. काकूंनी, म्हणजे अनुजाच्या आईने, दुपारपासून पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. मार्गारेटबाईंना पुरणपोळी फार आवडली. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे, ताट स्वच्छ केलं म्हणजे यजमानाचा मान राखला, म्हणून त्यांनी शेवटचा तुकडाही संपवला. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की काय होतं ते सांगायला नको. त्यांनी ‘लव्हली’ म्हणायचं आणि काकूंनी तुपाच्या धारेसकट आणखी एक वाढायची, असं चाललं होतं. तीन-चारदा झाल्यावर त्या बिचाऱ्या माझ्याकडे मदतीसाठी पाहू लागल्या. मी हळूच सांगितलं, एक घास पानात राहू द्या. त्यांनी तो घास असा जपून कडेला ठेवला, जणू दागिनाच.

काकू अनुजाला म्हणाल्या, “लांबचा प्रवास आहे, सांभाळून चालव. आणि आजींना मागे बसवू नकोस, त्यांचे पाय दुखतील.” मग माझ्याकडे वळून, “ज्योती, नकाशा तू धर. हिच्या हातात दिला तर स्कॉटलंडला पोचाल.”

नकाशा मी धरला. स्कॉटलंड टळलं, पण दुसऱ्या दिवशी माझ्यामुळे आम्ही एकदा मोटरवेवरून भलत्याच फाट्याने उतरलो आणि मेंढ्यांच्या एका बाजारात पोचलो. बाजार त्या दिवशी बंद होता. मार्गारेटबाई म्हणाल्या, हवा छान आहे, इथेच चहा पिऊ. त्यांच्या थर्मासमध्ये नेहमी दुसऱ्या कुणासाठी म्हणून जास्तीचा चहा असायचा.

ब्रिस्टल

ब्रिस्टलला थांबण्याचं कारण एवढंच, की मार्गरीतसारखी माणसं जिथे उतरवली गेली तो धक्का मला दाखवायचा, असं मार्गारेटबाईंनी ठरवलं होतं. आता तिथे कॉफीची दुकानं आहेत. गुड फ्रायडेची सुट्टी होती, मुलं आइस्क्रीम खात होती, रंगीत बोटी डुलत होत्या. मार्गारेटबाई एका बाकावर बसल्या आणि सांगू लागल्या, की ही माणसं येणार हे इथे कुणाला माहीतच नव्हतं. जहाजातून उतरवली आणि धक्क्यावरच ठेवली, कुठे ठेवायचं ते ठरेना. मग एका गोदामात घातलं. मग देवीची साथ आली.

देवी हा शब्द ऐकून मी, परीक्षेत विचारल्यासारखी, सांगून बसले की लांबच्या शेतांवर राहणाऱ्यांना असा रोग पूर्वी झालेला नसतो, त्यामुळे तो त्यांच्यात वणव्यासारखा पसरतो. बोलून झाल्यावर वाटलं, हे इथे बोलायला नको होतं. पण त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, “कुणीतरी कारण सांगितलं, बरं झालं.”

अनुजाने विचारलं, ही माणसं तिकडे शेती कसली करत होती? मार्गारेटबाई म्हणाल्या, गव्हाची. खाऱ्या दलदलीत बांध घालून, समुद्र मागे हटवून. एका पुस्तकात त्यांनी तेवढं वाचलं होतं.

मला हे ऐकून आतून बरं वाटलं. आमचा खारेपाट म्हणजे तेच. खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीत आमची भातशेती आहे. पण मी ते तिथे बोलले नाही. कॉलेजात गेल्यापासून गावचा चिखल कुणाला सांगत बसायची सवय उरली नव्हती, आणि त्याचा त्यांच्या आजीच्या दाराशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. तेवढ्यात एका सीगलने झेप घालून अनुजाच्या हातातलं धपाटं पळवलं, आणि सगळा विषयच बदलला. ती त्याच्यामागे धावत मराठीत ओरडत होती, “अरे, माझ्या आईचा धपाटा आहे तो!”

पेन्रिन

कॉर्नवॉलमध्ये शिरल्यावर घरं दगडी आणि बुटकी होत गेली, रस्ते दोन्ही बाजूंच्या उंच गवती कुंपणांत बुडाले. पेन्रिन हे खाडीच्या टोकाशी उतारावर वसलेलं छोटं गाव. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, बोटी चिखलात कुशीवर पडल्या होत्या. गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला. अनुजा नाक मुरडून म्हणाली, ‘ईऽ’. मी काच आणखी खाली केली. आमच्या घराच्या मागच्या अंगणातला वास होता तो.

उतरलो ते गावाबाहेरच्या एका शेतावर. शेताचं नाव फ्रेंच फील्ड. जाहिरातीत ते नाव दिसलं म्हणूनच मार्गारेटबाईंनी तिथे खोल्या घेतल्या होत्या. मालकीण जीन, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. तिने आल्या आल्या ती आशा मोडून टाकली. म्हणाली, फ्रान्समधून कांदे विकायला सायकलवाले यायचे ना, ते कधीकाळी या शेतात मुक्काम करत असणार, तेवढंच. निदान तिच्या सासऱ्यांचं तसं म्हणणं होतं.

“कांदे,” मार्गारेटबाई म्हणाल्या, आणि अंगणातल्या एका जुन्या ओंडक्यावर बसल्या. आतून पोखरलेला तो लांबट ओंडका मातीने भरलेला होता आणि त्यात पिवळी डॅफोडिल्स डुलत होती. कडेची जागा मोकळी होती, तिथे बसून त्यांनी उरलेलं धपाटं दाण्याच्या चटणीशी खाल्लं आणि जीनलाही चाखवलं. जीनने वर क्रीम लावून खाऊन पाहिलं. चांगलं लागतं म्हणाली. मी चटणी तिच्यापुढे सरकवली.

दुसरा दिवस दारांचा. मार्गारेटबाईंकडे एक अल्बम होता, त्यात आधीच्या दोन खेपांत काढलेले पेन्रिनमधल्या जुन्या दारांचे फोटो होते. समुद्राकडे तोंड असलेलं, दोन-अडीचशे वर्षांचं असं कुठलं तरी एक दार मार्गरीतच्या घराचं असणार, अशी त्यांची कल्पना. राहिलेली दारं आज पाहायची होती. आम्ही तिघी, म्हणजे एक इंग्रज आजी आणि दोन भारतीय मुली, घरोघरी जाऊन दार पाहू का म्हणून विचारत होतो. एका बाईला वाटलं आम्ही धर्मप्रचारक. एका आजोबांनी आनंदाने आत बोलावलं, चहा दिला, दाराची कडी, बिजागऱ्या, सगळं दाखवलं. निघताना म्हणाले, हे दार त्यांनी स्वतः बसवलं, मुलगा झाला त्या वर्षी. मुलगा बागेतच उभा होता, चाळिशीचा असेल.

चर्चमधल्या जुन्या नोंदीही पाहिल्या. तिथे दाखवणारे गृहस्थ फार सज्जन होते, पण त्यात मार्गरीत नव्हती. कॅथलिक लोकांची नोंद तेव्हा इथे धड होत नसे, असं ते म्हणाले. हे मार्गारेटबाईंना आधीपासून माहीत होतं. त्यांनी फक्त पुन्हा एकदा विचारून पाहिलं होतं.

दुपारी बंदराजवळच्या खाणावळीत फळ्यावर एका माशाचं नाव दिसलं, आणि तो ताटात आला तेव्हा मी ओळखला. बांगडा! आपल्या बांगड्यापेक्षा थोडा लांबोडका, पाठीवर पट्टे, पण भाऊबंदच. फक्त मीठ आणि लिंबू लावून भाजलेला. माझ्या पिशवीत आईने दिलेल्या मसाल्याची पुडी कायम असते. मी लाजत लाजत थोडा भुरभुरला. मार्गारेटबाईंनीही मागितला, जरा जास्तच घेतला, आणि काही वेळ त्या फक्त डोळ्यांनी बोलत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “आता मला समजलं तू इथल्या जेवणावर कधी तक्रार का करत नाहीस. तू आमची कीव करतेस.”

त्या एवढ्या हसल्या, पण गाडीत बसल्यावर अल्बम मिटून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “उद्या संध्याकाळी हॅरॉल्डला फोन करते. छापू दे.” अनुजा म्हणाली, अजून एक दिवस आहे ना. त्या म्हणाल्या, दारं संपली, बाळ.

बांधावर

ईस्टरच्या रविवारी त्या सकाळी प्रार्थनेला गेल्या. ईस्टर नेहमी पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, हे मला त्या दिवशी अनुजाने सांगितलं. पौर्णिमा नुकतीच झाली, म्हणजे उधाणाचे दिवस. घरी असते तर वडील आज बांधावर असते, एवढं मनात आलं, आणि दुपारच्या जेवणानंतर मी जीनला विचारलं की खाडी कुठून दिसेल. जीन म्हणाली, खालच्या कुरणातून सरळ जा, टोकाला चढ आहे त्याच्यावरून दिसेल. मार्गारेटबाईही पाय मोकळे करायला निघाल्या. अनुजा उसने बूट घालून मागे आली.

कुरण अगदी सपाट होतं. आजूबाजूचा सगळा मुलूख उताराचा आणि हेच एवढं सपाट, हिरवंगार, त्यात जीनच्या मेंढ्या. टोकाला तो चढ. मी त्यावर चढले आणि खाली पाहिलं. एका बाजूला कुरण. दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, भरतीच्या पाण्याची खूण कुरणापेक्षा वर, आणि लांबून भरतीचं पाणी पसरत येत होतं.

मला ते सांगायला वेळ लागला, कारण शब्द इंग्रजीत येईनात. चढ नव्हता तो. बांध होता. माणसांनी घातलेला. मी उभी होते ती जागा अगदी आमच्या बाहेरच्या बांधासारखीच होती, वर पायवाट, खाडीच्या अंगाला जास्त उतार.

बांध असेल तर पावसाचं पाणी बाहेर जायला वाट हवी. मी बांधावरून चालत कुरणातला चर कुठे येऊन मिळतो ते शोधलं. तो बांधाच्या पोटात शिरत होता. मग खाडीच्या बाजूला उतरले. अनुजा ओरडली की बूट अडकतील, आणि ते अडकलेच, पण मला दिसायचं ते दिसलं. भोकाच्या तोंडावर वरून टांगलेली एक लोखंडी झडप. चरातलं पाणी तिला बाहेर ढकलून खाडीत वाहत होतं.

आमच्याकडे याला उघाडी म्हणतात. ओहोटी असली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं, आणि खारं पाणी आत शिरत नाही. माणसाला हात लावावा लागत नाही. पण झडपेत काही अडकलं, तर एका उधाणात सगळं पीक जातं. म्हणून वडील उधाणाच्या भरतीला जाऊन पाहून यायचे. आले की पाय धुण्याआधी आई विचारायची, “उघाडी लागली?” ते म्हणायचे, “लागली.” मगच चूल पेटायची. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकू येणंच बंद झालं होतं.

मी चिखलात उभी राहूनच वर बांधावरच्या मार्गारेटबाईंना म्हटलं, “तुम्ही घरांची दारं पाहत होतात. समुद्राचं दार घराला नसतं. शेताला असतं.”

मी त्यांना, अडखळत, आईचा प्रश्न सांगितला, वडिलांचं उत्तर सांगितलं. अनुजाने मधे मधे माझं इंग्रजी सरळ केलं. पाणी वाढत होतं, म्हणून मी वर आले. आम्ही तिघी वरून झडपेकडे पाहत राहिलो. बाहेर जाणारी धार बारीक झाली. थांबली. झडप दोन वेळा हलली, जागेवर बसली, आणि खाडीचं पाणी तिच्यावरून वर चढू लागलं. “लागली,” माझ्या तोंडून मराठीत निघालं.

मार्गारेटबाईंनी अनुजाला विचारलं, ही काय म्हणाली? अनुजाने सांगितलं.

मला लगेच शंका आली. झडप लोखंडी, बरीच अलीकडची. इंग्लंडमध्येही माणसं दलदलीला बांध घालत आली आहेत, त्याला फ्रेंच बाई लागत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं, कारण उगाच आशा लावायला नको. जीन आम्हाला शोधत आली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, लोखंडी झडप तिच्या नवऱ्याने बसवली. त्याआधी झडप आणि पाणी जायची मोरी, दोन्ही लाकडाची होती, फार जुनी, कुजायला आलेली. इथल्या बाकी खाड्यांवर दगडी मोऱ्या आहेत, लाकडाची ही एवढीच होती.

“ते लाकूड कुठे आहे?” मार्गारेटबाईंनी विचारलं.

“अंगणात,” जीन म्हणाली. “तुम्ही त्याच्यावरच बसला होतात.”

आम्ही जवळजवळ धावतच वर आलो. जीनच्या सासऱ्यांनी तो ओंडका, टोकं बुजवून, घोड्यांना पाणी पाजायचं कुंड म्हणून ठेवून दिला होता. पण पाणी त्यात कधी टिकलंच नाही, म्हणून जीनने फुलं लावली. टिकणार कसं, तो मुळात दोन्ही टोकांना उघडा होता. एका टोकाला, वरच्या बाजूला, खुंटीसाठी पाडलेली दोन भोकं होती, झडप टांगायची. मार्गारेटबाईंनी आपल्या हाताने फुलांची माती बाजूला केली आणि एकेक भोक बोटाने चाचपलं. त्यांनी वाचलेल्या पुस्तकात अकेडियातल्या अशाच पोखरलेल्या ओंडक्याचं चित्र होतं, त्या म्हणाल्या, पण चित्राखाली काय लिहिलंय ते त्यांनी नीट वाचलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, बोट आहे.

ही मार्गरीतच होती असं मी म्हणणार नाही. बांध घालणं तिकडेही पुरुषांचंच काम असणार. पण आमच्याकडे बांध फुटला की बायकाही चिखलात उतरतात, आणि उघाडी कशी असते हे घरात सगळ्यांना माहीत असतं. नवऱ्याला शेजारी बसवून तिने ती सांगितली असेल. मोडक्या इंग्रजीत. ते चित्र मला डोळ्यांसमोर आणता येतं.

मार्गारेटबाईंनी अनुजाचा मोबाइल घेतला. परत बांधावर जायचं म्हणाल्या, फोन तिथूनच करायचा. वाऱ्यामुळे ऐकू येईना म्हणून अनुजाने फोनचा आवाज मोठा केला, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. हॅरॉल्डनी उचलल्यावर त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

“हॅरॉल्ड, समुद्राचं दार लागलं,” त्या म्हणाल्या. “मी आत्ता पाहिलं.”

पलीकडून त्यांचा आवाज आला, बारीक.

“आणि गहू?”

मार्गारेटबाईंनी मागे वळून कुरणाकडे पाहिलं. “गहू नाहीये. मेंढ्या आहेत,” त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, “सुखात आहेत.”

त्यानंतर हॅरॉल्ड पुन्हा मास्तर झाले. याला पुरावा म्हणत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आणि लगेच विचारलं की ओंडका किती लांब आहे, भोकं किती रुंद आहेत, फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. जीन अंगणात जाऊन शिवणाच्या टेपने मापं घेऊन आली. मोजमापं सांगेपर्यंत पाणी झडपेच्या कितीतरी वर गेलं होतं.

मे महिन्यात त्या जमण्याला अनुजाला आणि मलाही बोलावणं होतं. वंशवृक्षाच्या अगदी वर मार्गरीत होती, पण तिच्यापासून खाली येणारी रेघ ठिपक्यांची होती. हॅरॉल्डनी मला बाजूला घेऊन ती कशी बरोबर आहे ते समजावलं. मार्गारेटबाई त्यांच्यामागे उभ्या राहून मला डोळा मारत होत्या. ठिपके तर ठिपके, त्या म्हणाल्या, वर नाव आहे ना.

निघताना आम्ही खाली कोट घालत होतो. हॅरॉल्डच्या नातवंडांना नुकतंच झोपायला वर पाठवलं होतं. हॅरॉल्ड जिन्याचा कठडा धरून उभे राहिले, आमच्याकडे पाहायचं टाळलं, आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात वर विचारलं, “समुद्राचं दार लागलं का?”

वरून सगळी पोरं एकदम ओरडली, “दार लागलं, आजोबा. मेंढ्या सुखात आहेत.”